आयकॉनखात्याचे कारभारी

मनुष्याच्या ठिकाणी सुधारणेची जी स्वाभाविक हौस असते ती नेहमीच वस्तूच्या अंतरंगापर्यंत पोहोचते असे नाही. किंबहुना अंतरंगाला हात घालण्याचा अधिकार, अक्कल किंवा सवड यांपैकी एकही गोष्ट अनुकूल नसली, म्हणजे ती हौस मोठ्या उत्साहाने वस्तूच्या मुखावर येऊन स्थिरावते, आणि तेथे तिला जे समाधान लाभते ते अंतरंग सुधारणाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येते. या हौसेचे अत्यंत निरुपद्रवी, आणि म्हणूनच निरीक्षणास योग्य, असे उदाहरण म्हणजे आपल्या संगणकाच्या पडद्यावरील आयकॉन बदलत बसणारे गृहस्थ. प्रत्येक कचेरीत आणि बहुधा प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत असे एक तरी गृहस्थ असतात. त्यांना आपण कारभारी म्हणू, कारण स्वतःच्या डेस्कटॉपवर ते ज्या बारकाईने अंमल चालवतात ती पेशवाईतील एखाद्या फडणिसालाही शोभली असती.

कारभाऱ्यांचा पडदा उघडला की प्रथम सह्याद्रीतले धुके दिसते, आणि त्या धुक्यात, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, गोलसर कोपऱ्यांची पाचसहा फिकट चित्रे दरबारातल्या मानकऱ्यांप्रमाणे अदबीने उभी असतात. शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याच्या पडद्यावर ‘न्यू फोल्डर’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हेच फायनल’ अशी जी बेबंदशाही माजलेली असते, तिच्याकडे त्यांची नजर गेली की त्यांच्या चेहऱ्यावर घृणेपेक्षा करुणाच अधिक उमटते. त्या सहकाऱ्याचे टिपण दुपारीच साहेबांकडे रवाना झालेले असते आणि कारभाऱ्यांचे अद्याप आरंभलेलेही नसते, ही बाब त्यांच्या दृष्टीने गौण होय. काम कोणीही करील, परंतु काम करण्यास योग्य अशी जागा निर्माण करणारा विरळाच.

त्यांच्या छंदाला शास्त्राधार नाही असे मात्र कोणी समजू नये. विषय निघाला की ते आपल्या संप्रदायाच्या आद्य आचार्या सुझान केअर यांच्यापासून आरंभ करतात. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिन्टॉश यंत्रासाठी या बाईंनी चित्रे काढली तेव्हा त्यांच्या वाट्याला आडव्या ३२ आणि उभ्या ३२, म्हणजे अवघी १,०२४ घरे आली होती, आणि त्यांतील प्रत्येक घर एकतर काळे नाही तर पांढरे, तिसरा रंग नाही. तेवढ्या दारिद्र्यातूनही पाहणाऱ्याला क्षणात ओळखू येईल अशी कचरापेटी त्या यंत्राच्या पडद्यावर अवतरली. कमांडच्या कळेवरचे चार वेटोळ्यांचे चिन्ह त्यांनी निवडले ते स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर आढळणारे चिन्ह होय, ही हकीकत सांगताना कारभाऱ्यांचा कंठ दाटून येतो. आज त्यांच्या पदरी २५६ गुणिले २५६ घरे आणि कोट्यवधी रंगछटा आहेत. आणि या वैभवाचा विनियोग त्यांनी सर्व चित्रे एकसारखी दिसतील असा केला आहे.

या मंडळींत पंथभेदही आहेत. विंडोजपंथी सौम्य प्रकृतीचे असतात: शॉर्टकटवर राइट क्लिक करावे, प्रॉपर्टीजमध्ये जावे, ‘चेंज आयकॉन’चे बटण दाबावे, आणि शेल३२ नामक जुन्या फायलीच्या कोठारातून झाड, कुलूप किंवा पृथ्वीगोल उचलावा, येथून त्यांची उमेदवारी सुरू होते, पुढे एकाच आयसीओ फायलीत १६, ३२, ४८ आणि २५६ अशा निरनिराळ्या मापांची चित्रे भरण्यापर्यंत मजल गेली की ते या कामात मुरले असे समजावे. मॅकपंथी अल्पाक्षरी: माहितीची खिडकी उघडावी, डाव्या कोपऱ्यातील चिमुकल्या चित्राला स्पर्श करावा, नवे चित्र चिकटवावे, आणि काहीच घडले नाही असा चेहरा करावा. लिनक्सपंथी मात्र हठयोगी. ते एकेका चित्राच्या फंदात न पडता हजारो चित्रांचा अख्खा संच एका हुकमासरशी बदलतात. परंतु संच करणाऱ्याने ज्याची दखलच घेतलेली नसते असा एखादा आडगावचा प्रोग्राम आपल्या मूळच्या भडक वेषात तसाच उभा राहतो, आणि त्या एका बंडखोराच्या बंदोबस्तासाठी डॉट डेस्कटॉप फायलीतील एक ओळ दुरुस्त करण्यात यांची रात्र सरते.

एकाच ताग्यातून सर्व भावंडांना सदरे शिवावेत आणि मग पाठमोरे कोण ते आईलाही कळू नये, अशी या एकरूपतेची परिणती होते. पत्रव्यवहार, हिशेब, दिनदर्शिका आणि संगीत या सर्वांना एकच राखी रंग आणि एकच कृश रेषा मिळाल्यावर कारभाऱ्यांना कोणतेही दार उघडण्यापूर्वी त्यावर बाण नेऊन धरावा लागतो आणि नावाची पाटी उमटेपर्यंत थांबावे लागते. तथापि त्यांना एकट्यालाच दोष देणे न्यायाचे होणार नाही. २०२० साली गूगलने टपाल, दिनदर्शिका, संचयिका यांची पृथक् मुखे काढून घेऊन सर्वांना त्याच चार रंगांचे पट्टे बहाल केले, तेव्हा असंख्य लोक टपाल म्हणून दिनदर्शिका उघडू लागले होते. फरक एवढाच, की कारभारी आपली फजिती स्वखुशीने आणि स्वहस्ते करून घेतात.

या राज्यावरील खरे परचक्र म्हणजे अपडेट. मॅकवर प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की ती जुन्या आवृत्तीच्या जागी सबंध येऊन बसते आणि चिकटवलेले चित्र जुन्यासोबत नाहीसे होते. विंडोजवर याच्या उलट, चित्र बदलले तरी साठवणीतल्या दप्तरात जुन्याचीच नोंद राहते, आणि ते दप्तर नष्ट करून नवे लिहवून घेईपर्यंत पडदा पूर्वीच्याच राजनिष्ठेवर कायम असतो. अशा प्रसंगी कारभारी रागावत नाहीत. वस्तुतः त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात थोडा आनंदच होतो, कारण सगळे मनासारखे लागून गेल्यावर पुढे करावयाचे काय, हा प्रश्न त्यांना अपडेटखेरीज दुसऱ्या कोणी सोडवून दिलेला नाही. आतला प्रोग्राम परक्याच्या मालकीचा, त्याचा परवाना मुदतीचा, त्याच्या अटी कोणी न वाचता कबूल केलेल्या. या सबंध मिळकतीत वहिवाटदाराच्या हाती दाराचा रंग तेवढा उरलेला असतो, आणि तो लावण्याचा हक्क बजावण्यात कारभारी कसूर करीत नाहीत.

त्यांच्या सौभाग्यवती मात्र या खात्याचे अस्तित्व मान्य करीत नाहीत. एकदा त्यांना मालमत्ता कराच्या पावतीची तातडीने गरज पडली आणि त्यांनी कारभाऱ्यांचा संगणक उघडला. कारभारी मागे उत्कंठेने उभे राहिले; कराच्या फोल्डरसाठी त्यांनी फिकट राखी रुपयाचे जे चिन्ह घडवले होते त्याचे प्रथमदर्शन आज घरातल्या माणसाला घडणार होते. बाईंनी एक कळ दाबली, पावतीचे नाव टाइप केले, पावती छापली आणि त्या उठल्या.

“आयकॉन कसे वाटले?” कारभाऱ्यांनी विचारले.

“कुठले हो?” बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी कारभाऱ्यांनी सर्व चित्रे किंचित गडद केली.

अशा माणसाला हसणे सोपे आहे, परंतु मुखे पालटून सुधारणा केल्याचे समाधान मिळवणाऱ्यांची जी विस्तीर्ण जमात आपल्या सभोवती नांदते, तीत कारभाऱ्यांचे स्थान मला फार वरचे वाटते. त्यांच्या छंदाची किंमत ते स्वतःच्या झोपेतून चुकवतात. मॅकवर तर ते चिमुकले चित्र निवडून डिलीटची कळ दाबली की मूळचे मुख जसेच्या तसे परत येते आणि कोणाचे काही बिघडलेले नसते. जे लोक खात्याचे काम आहे तसेच ठेवून त्याची पाटी बदलतात, धडधाकट पदपथांच्या फरशा उखडून नव्या बसवतात, आणि वाचनालयाला संगमरवरी कमान बांधून आतली पुस्तके वाळवीच्या हवाली करतात, त्यांच्या सुधारणांना डिलीटची कळ नसते. त्यांचा खर्च मात्र बाईंनी छापून नेलेल्या त्या पावतीतून निघतो.