गुरुजींचा सफारीवाला

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात भात पोटरीत आलं की दोघांचं त्यावर लक्ष जातं. एक रानडुक्कर, दुसरे निवृत्त गुरुजी. डुकराला लोंब्या हव्या असतात, गुरुजींना प्रयोग. वांगणीच्या बाजूला गेलात तर हे गुरुजी हटकून भेटतील. हातात पक्कड, खिशात तारेचं वेटोळं आणि रामराम व्हायच्या आत प्रश्न, "तुमच्याकडे जुन्या सीड्या आहेत का हो?"

गुरुजींच्या शेतात पीक बेताचं आणि आरास फार. बांधाला काकूंच्या जुन्या साड्यांचं कुंपण, त्यावर फरफरणाऱ्या चमकी फिती. काजूच्या फांद्यांना सीड्या टांगलेल्या; ऊन पडलं की डोळे दिपतात, पण ते रस्त्याने जाणाऱ्या मोटरसायकलवाल्याचे. माकडांनी आधी लांबून अंदाज घेतला, मग जवळ येऊन सीडीत आपापली तोंडं न्याहाळली आणि निवांत बोंडं खाल्ली.

मग सलूनमधून पोतंभर केस आले. हे काही गुरुजींचं खूळ नव्हे, राज्यात बऱ्याच ठिकाणी शेतकरी हा उपाय करतात. डुक्कर जमीन हुंगत येतं, केस नाकात जातात आणि ते वैतागून मागे फिरतं, असा त्यामागचा हिशेब. गुरुजींनी केस पसरले आणि त्याच रात्री पाऊस कोसळला. सकाळी सगळे केस शेजाऱ्याच्या खाचरात. त्याच्याकडे म्हणे त्या आठवड्यात डुक्कर फिरकलं नाही.

पण गुरुजींचा खरा जीव आहे तो मधोमध उभ्या असलेल्या बुजगावण्यावर. त्याच्या अंगात गुरुजींच्या निरोप समारंभाचा सफारी, डोक्याच्या जागी मडकं, मडक्यावर चुन्याचे डोळे आणि वर हेल्मेट. तिथे बोहाड्याचा एखादा जुना मुखवटा बसवायचाही बेत होता. पण ही देवांची सोंगं आहेत, पाखरं हाकायला नाहीत, असं म्हाताऱ्यांनी सुनावल्यावर तो बारगळला.

तेव्हापासून गुरुजी कर्नाटकाचा दाखला देतात. २०१९ साली तीर्थहळ्ळी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने माकडं पळवायला आपल्या कुत्र्याच्या अंगावर वाघाचे पट्टे रंगवले होते. बातमी खरी आहे. गुरुजींचा कुत्रा मोत्या मात्र पट्ट्यांना राजी नाही. रंगाचा डबा उघडला की जो पळतो तो रात्री भाकरीलाच परततो.

मुळात जनावरं शिकतात. हलत नाही, ओरडत नाही, दगड मारत नाही असं काही चार-आठ दिवस एकाच जागी दिसलं की त्याचा धाक सरतो. म्हणून जाणती माणसं बुजगावण्याची जागा बदलतात, कपडे बदलतात. गुरुजींना हे कळायला हरकत नव्हती. वर्गात त्यांच्या छडीचंही असंच झालं होतं. पण सफारीची इस्त्री मोडेल म्हणून ते त्याला हलवत नाहीत.

पीक जे काही घरात येतं ते काकूंमुळे. त्या रात्री माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतात आणि गोफण अशी फिरवतात की मोत्यासुद्धा माळ्याखाली सरकतो. बुजगावण्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं आहे. "यांचा तो सायेब जरा बाजूला घ्या. डुक्कर त्याच्याच आडून आत शिरतंय."

गेल्या हंगामात नासाडी झाली तेव्हा पंचनाम्याला माणसं आली. त्यातल्या एकाने लांबूनच सफारीवाल्याला नमस्कार केला. बुजगावण्याला माणूस फसल्याची एवढी एकच नोंद गुरुजींच्या वहीत आहे आणि ती लाल शाईने केलेली आहे.

तेव्हा तुमच्याही शेतात डुक्कर शिरलं तर आधी फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवा. फक्त फोटोत बुजगावणं येणार नाही एवढं बघा, नाहीतर साहेब विचारायचे, "शेतात माणूस उभा असताना डुक्कर आलंच कसं?"