क्वार्टरचा निर्देशांक

अन्न, वस्त्र, निवारा एवढंच आपल्याला शाळेत शिकवलं. महागाई मोजणाऱ्या सरकारी खात्याला जग जास्त कळतं. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या यादीत अन्नामागून वस्त्र येत नाही. मध्ये 'पान, तंबाखू आणि मादक पदार्थ' ठाण मांडून बसतात. कपडे त्यानंतर, घर त्याच्याही नंतर. हा क्रम किती बिनचूक आहे, ते पाहायला भल्या सकाळी भूमच्या बसस्थानकासमोर उभं राहावं. चहा यायच्या आत तळहातावर चुना पडलेला असतो.

२०१२ हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेत या गटाला खेड्यात शंभरात ३.२६ वजन होतं, शहरात १.३६. ही वजनं ठरतात घरोघरी जाऊन केलेल्या खर्चाच्या पाहणीवरून. आणि खरी मौज तिथंच आहे. पाहणीवाला ओसरीवर वही उघडून बसलेला. शेजारी चुलते, दारात सून, आत म्हातारी कान देऊन.

"दारूवर महिन्याला किती जातात?"

"छ्या! माळकरी घर हाय साहेब आमचं."

हे सांगताना घरधनी तोंड जरा गोठ्याकडं वळवतो, वास साहेबाकडं जाऊ नये म्हणून. साहेबही समजूतदार. रकान्यात शून्य मांडून पुढच्या प्रश्नाला जातो.

एवढी भीडभाड वजा जाऊनही २०२२-२३ च्या पाहणीत देशातल्या खेड्यांनी खर्चातला ३.७९ टक्के वाटा या गटावर उडवलेला दिसला, शिक्षणावर ३.३०. माळकरी घरं खरं बोलली असती तर शाळेच्या वाट्याला काय राहिलं असतं, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. शक्यतो शुद्धीत.

वजनाचं हे असं, भावाचं त्याहून अवघड. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. १८० मिलीची किमान किंमत ठरली ती अशी: देशी ८० रुपये, 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५. तिजोरीत वर्षाला १४ हजार कोटी जादा येतील, असा अंदाज. निर्णयाचा परिणाम टेबलाटेबलावर दिसला. विदेशीवाला देशीवर आला आणि देशीवाला उधारीवर. पिणं कुणाचं थांबलं म्हणता? चकणा तेवढा बंद झाला.

तसं पाहिलं तर भूम तालुक्याची कीर्ती खव्याची. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पहाटे उठून धार काढायची, भट्टीपुढं घाम गाळायचा आणि भाव व्यापारी सांगेल तो. खव्याची किमान किंमत ठरवायला मंत्रिमंडळ बसल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. क्वार्टरला मात्र हमीभाव आहे. शेतकऱ्यानं काय पिकवावं, हे एकदा नीट सांगून टाकावं सरकारनं.

धुराची गोष्ट निराळी. सुट्या बिडी-सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून मनाई आहे. म्हणजे कायद्यानं भाव फक्त पाकिटाचा. भूममध्ये अख्खं पाकीट मागणारा एकतर पाहुणा असतो, नाहीतर नुकताच निवडून आलेला. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि बिडीवर १८. बिडीवरचा कर आधी २८ टक्के होता, म्हणजे कमी झाला. ही खबर टपरीपर्यंत बहुधा पायी येत असावी. वाढीची खबर येते ती मोटारसायकलवर.

राहिला गुटखा. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं त्यावर बंदी घातली. माव्याचीही पुढं तीच गत झाली. ज्या वर्षाला शंभर धरून देशानं महागाई मोजली, त्याच वर्षी आपल्याकडं गुटखा कागदावरून गेला. कागदावर नाही त्याला भाव नाही, आणि भाव नाही त्याला महागाई नाही. अशी स्वस्ताई दुसऱ्या कुठल्या जिनसेला साधलेली नाही. बंदीचा आदेश वर्षाच्या वर्षाला नवा होतो. पुडीसुद्धा ताजीच मिळते.

कागदाबाहेर काय चाललंय ते बघावं म्हणून वही घेऊन टपरीवाल्यापुढं उभा राहिलो.

"मामा, पुडीला काय भाव लिहू?"

त्यानं आधी वहीकडं पाहिलं, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना.

"छापील लिवा की."

"आणि खरा?"

"कवाचा पायजे? धाडीच्या आदीचा का मागचा?"