मुक्काम पोस्ट लास वेगास

उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात. पण जी मुळात थंड हवेच्या ठिकाणीच राहतात त्यांनी कुठे जायचं, याचा विचार अजून कुठल्याही ट्रॅव्हल कंपनीने केलेला नाही. जव्हारला लोक ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणत आले. २०१४ साली आम्ही पालघर जिल्ह्यात गेलो, उपाधी तशीच सोबत आली. मे महिन्यात मुंबई-नाशिकची मंडळी गाड्या घेऊन येतात, हनुमान पॉइंटला वाऱ्यावर उभी राहतात, ‘काय हवा आहे हो तुमच्याकडे!’ म्हणतात, जय विलास राजवाड्यापुढे फोटो काढतात आणि दाभोसा धबधबा कुठे म्हणून विचारतात. मे महिन्यात धबधब्याला फारसं पाणी नसतं, हे आम्ही त्यांना रस्ता सांगून झाल्यावर सांगतो. आमच्या आजवरच्या सगळ्या सुट्ट्या असे रस्ते सांगण्यात, वाळवणं राखण्यात आणि लग्नांच्या पंगतीत गेल्या.

यंदा मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, मुलगा होस्टेलवर. लग्न झाल्यापासून प्रथमच घरात आम्ही दोघंच उरलो. नेमकं तेव्हाच लॉस एंजेलिसच्या भाच्याने फोनवर जाहीर केलं, ‘मामा-मामी, जूनमध्ये तुम्ही दोघं लास वेगासला यायचं. तिकिटं माझ्याकडून.’

‘तिकिटं माझ्याकडून’ म्हटल्यावर मी ठिकाण विचारत नसतो. हिने विचारलं.

‘तिथे काय आहे रे?’

‘वाळवंट आहे, मामी.’

‘आणखी?’

‘कॅसिनो.’

हिने फोन माझ्या हातात दिला. ‘अहो, तुमचा भाचा म्हणतोय, वाळवंटात बसून जुगार खेळायला चला.’ भाचा काही चांगलं करतो तेव्हा तो हिचाही असतो.

मला मात्र बेत पसंत होता. दूरच्या श्रीमंत शहराची मोहीम आमच्या गावाला नवी नाही. १६६४ साली सुरतेवर निघालेले शिवाजी महाराज इथे शिर्पामाळावर थांबले होते, असं आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. फरक एवढाच की महाराज लुटायला निघाले होते आणि आम्ही लुटून घ्यायला.

बातमी कुंपणावरून शेजारच्या आप्पांकडे गेली. आप्पा निवृत्त तलाठी. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत भिंत कुणाच्या हद्दीत येते ते बघून घेतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘गावठाण कधीचं?’

भाच्याने पाठवलेली माहिती मी वाचून दाखवली. १९०५ साली रेल्वे कंपनीने मे महिन्याच्या उन्हात जमिनीचे तुकडे पाडून लिलाव केला, त्यातून शहर उभं राहिलं.

‘एनए झाली होती का जमीन?’

ते माहितीत नव्हतं. पण पुढची ओळ ऐकून आप्पा खुर्चीत ताठ बसले. सगळं जग ज्याला लास वेगास समजतं, ती मोठमोठ्या कॅसिनोंची रांग असलेला रस्ता बहुतांश लास वेगास शहराच्या हद्दीतच नाही. तो हद्दीबाहेरच्या पॅरडाइज नावाच्या वस्तीत येतो. शहराने हद्दवाढ करून कर लावू नये म्हणून कॅसिनोवाल्यांनी १९५० सालीच ती तजवीज करून ठेवली.

‘म्हणजे ग्रामपंचायतीत आहे!’ आप्पा म्हणाले. त्या क्षणापासून लास वेगासविषयी त्यांच्या मनात आपुलकी निर्माण झाली. शहराला ते आता ‘पार्टी’ म्हणतात. ‘पार्टी हुशार आहे.’

तरीही त्यांचा सल्ला गोव्याचाच होता. ‘पणजीला जा. मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत. रात्री गाडीत बसलात की सकाळी जुगार.’ मी त्यांना सांगितलं, की २०२० पासून खुद्द गोवेकरांनाच तिथल्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे. आतून हिचा आवाज आला, ‘ज्या घरची माणसं ताटाला हात लावत नाहीत, तिथे आपण पंगतीला बसू नये.’ गोवा तिथेच बाद झाला.

‘मग महाराष्ट्रात?’ आप्पांनी विचारलं. महाराष्ट्राची गोष्ट तर त्याहून न्यारी. विधिमंडळाने १९७६ सालीच कॅसिनोंचा कायदा केला. त्यात नियंत्रण होतं, कर होता, सगळं होतं. फक्त तो अमलात कधी आला नाही. २०२३ साली तो रद्द केला. मेंढीकोट खेळताना एखादा हातात हुकूम धरून डाव संपेपर्यंत नुसता मिशीत हसत बसतो, तसं सरकार सत्तेचाळीस वर्षं बसून होतं.

माझं स्वतःचं जुगाराचं शिक्षण गोकुळाष्टमीच्या रात्री चिंचोके लावून खेळलेल्या तीनपत्तीपर्यंतचं. हिचं तेवढंही नाही. पण गल्लीतल्या बचत गटाची वही हिच्याकडे असते, आणि जुगाराचं शास्त्र ज्याला कळायला हवं त्याला ते वहीतूनच कळतं, हे मला नंतर समजलं. भाचा व्हिडिओ कॉलवर रुलेट समजावून सांगत होता. गोल फिरणारं चाक, त्यात एक ते छत्तीस आकडे, शिवाय एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. गोळी आपल्या आकड्यावर पडली की लावलेल्या पैशाच्या पस्तीस पट.

हिने पेन्सिल घेतली. ‘छत्तीस आणि दोन, अडतीस घरं. प्रत्येक घरावर एकेक रुपया ठेवला तर अडतीस रुपये लागले. एक घर लागणारच. त्याचे पस्तीस आणि आपला ठेवलेला एक, हातात आले छत्तीस. वरचे दोन रुपये कुठे गेले?’

‘ते कॅसिनोचे, मामी.’

‘अडतीसात दोन. म्हणजे शेकडा सव्वापाच.’ हिने पेन्सिल खाली ठेवली. ‘आम्ही गटात महिन्याला शेकडा दोन घेतो तर बायका कुरकुरतात. आणि हे लोक एका फिरकीला सव्वापाच घेतात?’

भाच्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की आता काही टेबलांवर तिसरं शून्यही बसवलेलं आहे.

‘महागाई सगळीकडे वाढलीय,’ ही म्हणाली आणि जुगारासाठी मंजूर निधी एका पाकिटात घालून त्यावर ‘लास वेगास, किरकोळ’ असं लिहिलं. पाकीट लोखंडी कपाटात आहे. किल्ली कुठे आहे ते मला माहीत नाही.

पुढचा अडसर हवेचा. जूनमध्ये तिथे सदतीस-अडतीस अंश असतंच, जुलैत चाळीशीच्या वर, आणि ७ जुलै २०२४ रोजी पारा ४८.९ वर गेला होता. ‘पण मामा, कोरडी हवा असते, घाम येत नाही,’ भाचा म्हणाला. मी घाबरलो; ही उजळली. इथे नागलीचे पापड आणि कुरडया वाळवताना वळवाचा एखादा ढग कधी येईल याचा नेम नसतो. मे महिनाभर हिचा एक डोळा आभाळावर असतो.

‘हॉटेलला गच्ची आहे का विचारा.’

‘गच्ची असेल, पण आपल्याला सोडणार नाहीत.’

‘मग खोलीच्या खिडकीत दोरी बांधू.’

खिडक्या उघडत नाहीत, असं कळलं. कॅसिनोच्या दालनात तर बहुधा खिडकीच नसते, भिंतीवर घड्याळही नसतं. ‘मग जेवायची वेळ झाली हे माणसाला कळतं कसं?’ ‘कळू नये म्हणूनच.’ असं ऊन, आणि एकही पापड वाळत नाही! देवाचं देणं इतकं वाया घालवणाऱ्या गावाबद्दल हिचं मत तेव्हा फारच वाईट झालं होतं. तिथे निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर आहे, काचेचा पिरॅमिड आहे, हॉटेलच्या माडीवर व्हेनिसचे कालवे आणि त्यात होड्या आहेत, हे सांगूनही उपयोग झाला नाही. ‘आपल्या राजवाड्याची नक्कल केलीय का? नाही ना?’ एवढंच ती म्हणाली.

बेत बारगळल्यात जमा होता. तो सावरला कारंज्याने.

भाच्याने बेलाजिओ हॉटेलपुढचं कारंजं दाखवलं. आठ एकरांचं तळं, बाराशेच्या वर नळ, गाण्याच्या तालावर झुलणारं पाणी आणि मधूनच साडेचारशे फुटांवर जाणारी धार. मी ‘वा!’ म्हणालो. ही म्हणाली, ‘पाणी कुठलं?’

भाच्याला अमेरिकेत इतकी वर्षं झाली, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने शोधून सांगितलं, की तिथे पूर्वी गोल्फचं मैदान होतं, त्याच्या विहिरीचंच पाणी आहे.

‘पाऊस किती पडतो?’

‘वर्षाला चार इंच.’

चार इंच आमच्याकडे आषाढात एखाद्या दिवशी पडतो आणि छत्री वाळायच्या आत पुन्हा सुरू होतो. वर्षाचा हिशोब केला तर जव्हारचा पाऊस लास वेगासच्या सहज तीसपट. आणि तरी ही मोखाड्यातल्या ज्या पाड्यावर शिकवायला जाते, तिथली पोरं मार्च लागला की शाळेत उशिरा येतात. ‘बाई, हंडा भरत होतो,’ हे कारण हजेरीच्या वहीत लिहायला रकाना नाही. विहिरीत टँकर रिता करतात तेव्हा पाणी पडल्याचा आवाज संपायच्या आत दोर खाली सुटलेले असतात. त्याच तालुक्यात कोचाळ्याजवळ १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबई पिते. मुंबईकर इथे हवा खायला येतात तेव्हा बाटलीतून आमचंच पाणी घेऊन येत असावेत.

म्हणून हिने भाच्याला बसवून सगळं खोदून विचारलं. वेगासची नव्वद टक्के तहान कोलोरॅडो नदी भागवते. तिच्यावरच्या हूव्हर धरणाचं काम १९३१ साली सुरू झालं, आणि नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला तोही त्याच वर्षी. धरणाच्या लेक मीड जलाशयाचा २०२२ साली इतका तळ उघडा पडला, की पिंपात कोंबलेलं जुनं प्रेत वर आलं. ‘आपल्या विहिरीत नुसत्या बादल्या सापडतात,’ ही म्हणाली. पण खरी गंमत पुढे होती. तिथे घराघरांतलं, हॉटेलांतलं जे पाणी मोरीतून आणि संडासातून जातं, ते जवळजवळ सगळं शुद्ध करून पुन्हा लेक मीडमध्ये सोडतात, आणि जितकं सोडतात तितकं आणखी उचलायची त्यांना मुभा मिळते. नुसत्या शोभेची हिरवळ उपटून काढायचा कायदासुद्धा २०२१ साली झाला.

स्वयंपाकघरात तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात साठवून तुळशीला घालणारी ही बाई काही वेळ बोलेना. मग म्हणाली, ‘म्हणजे तिथे दारुड्याने आंघोळ केली तरी ती जमा खात्यात पडते?’

‘पडते, मामी.’

‘अहो, व्हिसाचा फॉर्म भरा.’

आता सहलीचा आराखडा हिच्या हातात आहे. सकाळी हूव्हर धरण, दुपारी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, संध्याकाळी उपटलेली हिरवळ, रात्री कारंजं. शेवटी पेन्सिलीने ‘कॅसिनो (वेळ उरल्यास)’. भाचा हादरला आहे. त्याच्या मित्रांचे आईवडील येतात ते शो बघतात, यंत्रात चार डॉलर घालतात, देवळात जाऊन येतात. सांडपाणी केंद्र आतून बघायला मिळतं का, हे कुठे विचारायचं ते त्याला कळत नाहीये.

मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात व्हायची आहे. तिची तयारी म्हणून परवा आप्पांना आमच्या ओटीवर व्हिसा अधिकारी केलं. त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि हिला समोर उभं केलं. तलाठ्यापुढे बसायची पद्धत नसते.

‘अमेरिकेत कुठे जाणार?’

‘लास वेगासला.’

‘जुगार खेळणार?’

‘नाही.’

‘दारू?’

‘नाही.’

‘नाचगाणी, खरेदी, काही?’

‘नाही.’

‘मग बाई, तिथे जायचं कारण काय?’

‘गटार बघायचंय,’ ही म्हणाली.

आप्पांनी जागच्या जागी अर्ज नामंजूर केला. कारण विचारलं तर म्हणाले, ‘पार्टी काहीतरी लपवतेय.’