पाथर्डीतील बाह्यभोजन : फुकट पदार्थांची मीमांसा

बाहेर खायचे तर खिसा पाहून खावे, हे मत थोरामोठ्यांचे आहे. पाथर्डीत ते टिकत नाही. येथे सिद्ध होणारा नियम असा : गिऱ्हाईक पैसे मोजते ते बाकड्यावर बसण्याचे, पोट भरते फुकट मिळणाऱ्यावर. मिसळ हे रश्श्याचे तिकीट आहे आणि भजी ही तळलेल्या मिरचीची पावती.

मिसळीचा पुरावा घेऊ. तळाशी मटकी, वर फरसाण, शेजारी दोन पाव. पहिला पाव संपतो तेव्हा रस्साही संपलेला असतो. ‘‘मामा, रस्सा टाका.’’ रस्सा आला की पाव कमी पडतो, जादा पाव घेतला की रस्सा. या फेऱ्यात जाणकार मटकीला हात लावत नाही. वाटीत मटकी आहे तोवर मिसळ चालू आहे असे धरतात, आणि चालू मिसळीला रस्सा नाकारण्याची छाती अजून कोणा मामाची झालेली नाही.

कांद्याचे प्रकरण नाजूक आहे. भाव चढला की बशीतला कांदा आधी पातळ होतो आणि मग त्याचा कोबी होतो. गिऱ्हाईक तरीही ‘कांदा द्या’ म्हणते आणि कोबी खाते. जैन आचार्य आनंदऋषी (जन्म 1900) पाथर्डी तालुक्यातल्याच चिचोंडीचे. त्यांच्या परंपरेतल्या, कांदा-लसूण न खाणाऱ्या मंडळींचा आमच्या नियमाने कायमचा तोटा होतो. त्यांनी मिरच्या दोन जास्त घ्याव्यात, असा आमचा सल्ला आहे. तो कोणी मागितलेला नाही.

शून्य खर्चात जेवायचे तर सप्ताहाची पंगत गाठावी. सोबत माणसांची गर्दी हवी तर होळी ते पाडवा तालुक्यातल्याच मढीला कानिफनाथांची यात्रा असते. अठरापगड लोक येतात, गाढवांचा बाजार भरतो, काठेवाडी गाढवेही येतात. इतका बहुरंगी समाज पाहायला दुबईला जाण्याचे कारण नाही. तरी फुकट पदार्थांचा तिथला दाखला हवाच असेल तर सतवा भागातले, 1978 पासूनचे ‘रावी’ हॉटेल घ्या : जेवणाआधी काकडी-कांद्याची बशी न मागता समोर येते. म्हणजे नियम आखातालाही लागू.

एक अपवाद मात्र छळतो. ऊसतोडीची आगाऊ उचल मिळाली की, एरवी एका चहाचे दोन करणारी नवरा-बायकोची कोयत्याची जोडी स्टँडवर भेळ घेते, पोरांसाठी जिलबी बांधून घेते. सोबत मुकादम चहा पाजतो. हा चहा फुकट, की उचलीतला? हंगाम संपून हिशेब बसेपर्यंत सांगता येत नाही. तोवर त्याला फुकट म्हणणे शास्त्रशुद्ध नव्हे, एवढेच आम्ही नोंदवतो.

राहिली गल्ल्यावरची बडीशेप. चिमूट घ्यावी की मूठ, हे बिलाच्या आकड्यावर ठरत नाही. मालक सुट्ट्या पैशांत किती गुंतलाय त्यावर ठरते. म्हणून अभ्यासू माणूस तीस रुपयांच्या बिलाला पाचशेची नोट काढतो. मालक ड्रॉवरमध्ये डोके घालतो, तेवढ्यात खडीसाखर वेगळी वेचूनही होते. अलीकडे मोबाईलने पैसे देण्याची टूम आली आहे. पैसे पोचताच गल्ल्यावरचा डबा रक्कम ओरडून सांगतो, मालक मान वर करतो आणि आपल्या मुठीकडे पाहतो.