सरकीला पासपोर्ट आहे

बर्लिन
रविवार, 24 ऑगस्ट 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस


परवा फोनवर मी "आमच्याकडे नवीन पाहुणी आली" एवढं म्हटलं आणि नेमकी तुमच्याकडची लाईन गेली. मग दादाचा निरोप आला, की आईने वहिनीला डिंक आणायला पिटाळलं आहे आणि बाबा ओट्यावर बसून "या वयात?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणून राहिले आहेत. दादाला नंतर सांगितलंच आहे, तरी आई, डिंक परत डब्यात ठेव. पाहुणी चार पायांची आहे. आम्ही कुत्री दत्तक घेतली.

नाव सरकी. नाव मीच ठेवलं. पहिल्या आंघोळीतून ती पांढरी निघाली, त्याआधी तिचा रंग कोणालाच सांगता येत नव्हता. एक कान उभा, एक पडलेला. उभ्या कानाला भोक आहे, तिथे पूर्वी प्लास्टिकचा पिवळा बिल्ला होता. शेजारच्या जर्मन आजी तिला "झार्की" म्हणतात, आणि ती त्यालाही शेपूट हलवते.

ती मूळची रुमानियाची. तिथे चाउशेस्कूच्या काळात, 1980च्या दशकात, बुखारेस्टमधली अंगणाची घरं मोहल्लेच्या मोहल्ले पाडली आणि माणसं सिमेंटच्या उंच इमारतींत नेऊन भरली. माणसांना खोल्या मिळाल्या, कुत्री रस्त्यावर राहिली. त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं वाढत गेली. 2013 मध्ये तिथे चार वर्षांचं एक पोर कुत्र्यांच्या हल्ल्यात गेलं. मग कायदा झाला, की पकडलेल्या कुत्र्याला कामकाजाच्या 14 दिवसांत कोणी घेतलं नाही तर त्याला मारून टाकता येईल. तेव्हापासून तिथल्या काही संस्था कुत्री निवाऱ्यातून सोडवतात आणि गाडीत घालून जर्मनीत पाठवतात. आमची सरकी अशीच रात्रभर प्रवास करून आली. गाडीतून उतरली आणि पहिलं काम काय केलं, तर जावईबापूंच्या नव्या बुटांवर. ते म्हणाले, "शुभशकुन आहे." तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस गेला.

आता खरी गंमत ऐका. तिच्याकडे युरोपियन युनियनचा निळा पासपोर्ट आहे. त्यात तिचं वर्णन, चिपचा नंबर, लसीचे शिक्के, सगळं. आमच्या घरात आम्ही सगळे भारताच्या पासपोर्टवर, परवान्याची मुदत वाढवायला कचेरीच्या तारखेची वाट बघणारे. युरोपची पक्की नागरिक एकच, आणि ती सोफ्यावर उताणी झोपलेली असते.

ती अशीच मिळाली नाही हो. आधी आम्ही इथल्या मोठ्या प्राणिनिवाऱ्यात गेलो होतो. टियरहाइम बर्लिन म्हणतात, 2001 मध्ये नव्या जागेत बांधलेला, 16 हेक्टरांचा. म्हणजे बाबा, आपलं वावर आणि शेजारच्या पाटलांचं मिळूनही तेवढं भरणार नाही. सिमेंटच्या गोल इमारती, मधे पाणी. ती जागा इतकी परग्रहावरची वाटते, की हॉलिवूडवाल्यांनी भविष्यकाळाचा एक सिनेमा तिथे काढला होता. मुलांना कुत्रं बघायचं होतं, जावयांना इमारत.

सरकीच्या संस्थेने तर घर तपासायला बाईच पाठवली. पीककर्जालाही तुमची एवढी चौकशी झाली नसेल. घरमालकाची लेखी परवानगी आहे का? कुत्री दिवसात किती वेळ एकटी राहील? सुट्टीत भारतात गेलात तर तिला कोण सांभाळेल? बाल्कनीला जाळी आहे का? घरात कोणाला केसांची ॲलर्जी? तुमचं भांडण झालं तर कुत्री कोणाकडे? या शेवटच्या प्रश्नावर आम्ही दोघं एकदम म्हणालो, "माझ्याकडे." बाईने वहीत काहीतरी लिहिलं. मी तिला चिवडा दिला, तिने शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले आणि जाताना करारपत्रावर सही घेतली. करार असा, की आम्ही तिला विकू शकत नाही, परस्पर कोणाला देऊ शकत नाही, आणि संस्थेची माणसं पुन्हा बघायला येऊ शकतात. मला आठवलं, आमच्या लग्नात बाबांनी जावयांकडून असलं काही लिहून घेतलं नव्हतं.

आणि कर! दादाला हे सांगितलं तेव्हा बाबा मागून ओरडले ते मला ऐकू आलं: "कुत्र्याले टॅक्स? मंग मांजरीले का जीएसटी?" मांजरीला नाही बाबा, फक्त कुत्र्याला. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याचे वर्षाला 120 युरो, दुसऱ्यापासून प्रत्येकी 180. नेपोलियनशी हरल्यावर प्रशियाची तिजोरी रिकामी झाली होती, म्हणून 1810 मध्ये राजाने चैनीवर कर बसवला: नोकर, घोडे, बग्ग्या आणि कुत्री. नेपोलियन गेला, राजा गेला, बग्ग्या गेल्या. कुत्र्याचा कर राहिला. वर विमा सक्तीचा, कारण सरकीने कोणाची सायकल पाडली तर नुकसान आम्ही भरायचं. नोंदणीही सक्तीची. कुत्र्याला कायम साखळीला बांधून ठेवायला 2022 पासून बंदी आहे. त्याला मोकळ्या हवेत पुरेसं फिरायला मिळालंच पाहिजे असं कायद्यातच लिहिलंय. 2020 मध्ये तर दिवसातून दोनदा, मिळून किमान एक तास, असा मसुदा मंत्रीणबाईंनी आणला होता. त्यावर देशभर हशा पिकला आणि पक्क्या कायद्यातून तो तास गळला. नवऱ्याला फिरवण्याबद्दल मात्र कुठलीच तरतूद नाही. आता तो सरकीमुळे आपोआप फिरतो.

दादा म्हणाला, एवढा खर्च करण्यापेक्षा आपल्या काळीचं एखादं पिल्लू धाडलं असतं. मी नियम वाचून दाखवले. भारतातून युरोपात कुत्रं आणायचं तर आधी चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर 30 दिवसांनी रक्त काढून मान्य प्रयोगशाळेत तपासणी, आणि ती पास झाली तरी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. दादा म्हणाला, "हा तं व्हिसाच झाला ना वो बाई!" हो. आणि आपल्या पिल्लाची तर जन्माची तारीखही कोणाला सांगता येत नाही. आई म्हणणार, तुरीच्या पेरणीला झालं.

आईचा राग मला माहीत आहे. घरभर केस, देवघरात तंगड्या, अशा घरचं पाणी कसं प्यावं. आई, आपण दरवर्षी माहूरला दत्तशिखरावर जातो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, त्यांनाही तू हळद-कुंकू वाहतेस, आणि पुराणिकबुवा त्यांना चार वेद म्हणतात. माझ्याकडे एकच आहे, आणि तिला वेद येत नाहीत. शिवाय देवघराच्या दारात ती स्वतःच थांबते. आरतीची घंटा वाजली की मात्र तोंड वर करून सूर धरते, पण तो बाबांच्या सुरापेक्षा बरा आहे.

"रेस्क्यू म्हणजे काय" असं वहिनीने विचारलं होतं. वहिनी, तुम्ही शाळेच्या सहलीत आनंदवनाला गेला होतात ना? वर्धा नदी ओलांडली की वरोरा. आनंदवनवाल्या आमट्यांच्या प्रकाशभाऊंनी हेमलकशाला शिकार करून परतणारी माणसं पाहिली. मेलेल्या माकडिणीच्या छातीला तिचं जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं. ते त्यांनी मागून घेतलं आणि वाढवलं, आणि तिथून पुढे बिबटे, अस्वलं, हरणं असा त्यांचा गोतावळा झाला. रेस्क्यू म्हणजे तेच. आमच्याकडे फक्त कागद जास्त आहेत.

खरं तर सरकी आल्यापासून मला आपल्या घरातली सगळी जनावरं आठवून राहिली आहेत. आजीचा मिठू. त्याला राम राम शिकवता शिकवता आजी थकली, आणि तो शिकला काय, तर "लाईन गेली!" उजेड लख्ख असताना ओरडायचा, आणि काकू चुलीवरचं सोडून कंदील शोधायच्या. (पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे हे आता मुलं मला सांगतात. आजी गेली, मिठूही गेला, खटला कोणावर भरणार?) भुरी मांजर. ती दर खेपेला कापसाच्या खोलीतच व्यायची. मग पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत ती गंजी हलवायची नाही, असा आजीचा हुकूम. बाहेर कापसाचा भाव पडत असायचा, व्यापारी दारात उभा, आणि बाबा त्याला सांगायचे, "आठ दिवस थांबा, बाळंतीण आहे." तो हात जोडून आत डोकवायचा आणि कपाळाला हात लावून परत जायचा.

आणि मोत्या.

मोत्याला आपण आणलं नव्हतं. जागलीच्या दिवसांत वावरात कुठून तरी आला आणि रोही हाकलायला लागला. म्हणजे नोकरीवर आधी रुजू झाला, भाकर नंतर मागितली. हंगाम संपला तसा बैलबंडीच्या मागे चालत घरी आला. कापसाच्या गंजीवर झोपायला त्याला बंदी होती, म्हणून तो सगळे झोपल्यावर चढायचा आणि बाबांच्या खोकल्याला उतरायचा. बाबा वणीला गेले की शेवटच्या एसटीपर्यंत स्टँडवर बसून राहायचा. कंडक्टर लोक त्याला ओळखायचे. "तुये मालक पुढच्या गाडीत हायेत" असं ते त्याला सांगायचे म्हणे. कांद्याची भजी तो आवडीने खायचा. इथल्या डॉक्टरीणबाईंनी कांदा, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विष आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मी गप्प बसले.

मोत्याचं पुढचं आपण घरात कधी बोलत नाही. पण मी आज लिहिते. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आजीने जखमेत तिखट भरलं आणि विषय संपला. महिना-दीड महिन्याने तो अंधारात जाऊन बसायला लागला, पाण्याकडे बघेना, लाळ गळायला लागली. घशात हाड अडकलं असेल म्हणून काकांनी त्याच्या तोंडात हात घातला. तेव्हा कोणाला ठाऊक, की पिसाळलेलं जनावर नेमकं असंच दिसतं आणि हात घालणारी मायाळू माणसंच त्यात सापडतात. तुम्ही ढोरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते गोठ्याच्या दारातूनच बघून म्हणाले, "मालक कोण याचा?" बाबा, तुम्ही म्हणालात, "तसं कोणाचंच नाही साहेब, आमच्या दाराशी राह्यते."

मोत्या दोन-तीन दिवसांत गेला. काकांना त्या वेळची पोटातली 14 इंजेक्शनं घ्यावी लागली. पायजम्याची नाडी पोटावर कुठे बांधायची हा त्यांचा प्रश्न आपल्या सगळ्या मारेगावाला तोंडपाठ झाला आणि आपण त्यावर वर्षानुवर्षं हसलो. काका वाचले म्हणून हसलो. एकदा लक्षणं दिसली की या रोगातून बहुतेक कोणीच वाचत नाही, हे आपल्याला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर हसू आलं नसतं.

तुम्ही मोत्यावर जीव लावला होता, मला माहीत आहे. पुढे कितीतरी दिवस तुम्ही स्टँडकडच्या रस्त्याने यायचं टाळत होतात. पण बैलांना पोळ्याआधी डॉक्टर यायचे, खांदेमळणीला हळद-लोणी लागायचं, आणि मोत्याला सुई टोचावी हे कोणाच्या मनातही आलं नाही. गल्लीभर लाडका होता, म्हणून कोणाच्याच हिशेबात नव्हता. इथल्या कागदांना मी इतकी हसले, पण सरकीच्या पासपोर्टात लसीचा शिक्का बघितला की मला मोत्या आठवतो आणि त्या कराचा राग येईनासा होतो. जर्मनीने रेबीज घालवायला जंगलातल्या कोल्ह्यांनाही लस दिली, खाण्याच्या गोळ्यांत भरून, विमानातून टाकून! 2008 पासून इथल्या कोल्ह्या-कुत्र्यांत हा रोग नाही. कोल्ह्याचा मालक कोण, असं त्यांनी विचारलं नाही.

तुम्ही आणि दादा सध्या सुप्रीम कोर्टावरून भांडत असता. 11 तारखेला कोर्ट म्हणालं, दिल्लीची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, तेव्हा दादा खूश होता. 22 तारखेला, ऐन पोळ्याच्या दिवशी, म्हणालं की नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलली तिथे सोडा, पिसाळलेली आणि हल्ला करणारी वगळून. तेव्हा तुम्ही खूश. दिल्लीचं दिल्ली बघेल. आपल्या अंगणात दादाने पाठवलेल्या फोटोत मला तीन दिसतात: बंडीखाली काळी आणि तिची पिल्लं, एक लंगड्या, आणि खिडकीतून टीव्ही बघणारा तो पिवळा.

तर काम असं आहे. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, लुई पाश्चरची पुण्यतिथी. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्यांत लसीची शिबिरं होतात. तालुक्याच्या दवाखान्यात दादाला आजच चौकशी करायला सांगा, आणि तिघांना पिकअपमध्ये घालून न्या. पिवळा चढणार नाही, त्याला मोबाइलवर काहीतरी लावून द्या. लस दरवर्षी टोचायची आहे, तारीख कॅलेंडरवर आईच्या चतुर्थीशेजारी लिहा. कागदावर मालकाच्या नावाचा रकाना असेल. तो रिकामा सोडायचा नाही. बाबांना संकोच वाटला तर आईचं नाव घाला. तिचा कुत्र्यांना विरोध आहे, पण रोज भाकर तीच टाकते.

जावई आणि मुलं नमस्कार सांगतात. मुलांनी काल बाल्कनीत तान्हा पोळा केला. सरकीने लाकडी बैलाचं एक शिंग खाल्लं.

तुमची
बाई

ता. क. काळीची पिल्लं तीन महिन्यांची झाल्यावर त्यांनाही न्या. नावं ठेवायची घाई करू नका, ती मुलं इथून कळवणार आहेत. पहिल्या पिल्लाचं नाव त्यांनी जीएसटी ठरवलं आहे.