हळद लागलेली चाकं

दिल्लीहून साताऱ्याला चार मॅगव्हील स्वस्तात कशी आणू नयेत, हे आता मी अधिकारवाणीनं सांगू शकतो. बाकी कुठल्याच विषयात मला एवढा अधिकार मिळालेला नाही.

माझी गाडी पालिओ, २००३ सालची. बँकेचं स्टाफ लोन मिळत होतं आणि सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा, या दोन कारणांनी घेतलेली. पुढं सचिन निवृत्त झाला, मी निवृत्त झालो, गाडी अजून नोकरीत आहे. तिला लोखंडी डिस्क आहेत आणि त्यावर बाविसेक वर्षं माझं काही म्हणणं नव्हतं. पण गेल्या वसंत व्याख्यानमालेत एका गावी मी बोलायला गेलो. खरं सांगायचं तर ठरलेले वक्ते आले नाहीत, म्हणून दुपारी तीनला मला फोन आला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर फोटो आला, त्यात मी अर्धा होतो आणि गाडीचं पुढचं चाक पूर्ण होतं. गंजलेलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘वक्त्यांचे आगमन’.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी विट्याच्या मेहुण्याला फोन केला.

विट्याचा म्हणायचं, पण राहतो दिल्लीत. विटा, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या. देशात जिथं सराफकट्टा आहे तिथं भट्टीपुढं बसलेला एखादा आपला माणूस सापडतोच. मेहुण्याचं दुकान करोल बागेत. त्याच करोल बागेत गाडीच्या शृंगाराचाही मोठा बाजार भरतो, हा मला दैवी संकेत वाटला.

“दाजी, ढिगानं पडल्यात,” तो म्हणाला. “चौदा इंची चार, बारा हजारात करतो. बोल्ट किती?”

“चार.”

“समोरासमोरच्या दोन बोल्टांत अंतर किती?”

नातीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी अंगणात उकिडवा बसलो. माप दहाच्या अलीकडं दोन बारीक रेघा थांबलं. आता मी बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. पन्नास पैशांच्या वर गेलं की रुपया, हे माझ्या रक्तात आहे. मी सांगितलं, “दहा सेंटिमीटर.”

अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. माझे वडील, वय सत्त्याऐंशी, एसटी डेपोच्या टायर सेक्शनमधून निवृत्त.

“माप घेतलंस?”

“घेतलं.”

“कशानं?”

“पट्टीनं.”

“हं,” म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

चाकं ठरली. आणायची कशी? हिशेबी म्हणून आमच्या आळीत माझा लौकिक आहे आणि तो मीच पसरवलेला आहे. मी वही उघडली. पहिला मान कुरिअरचा. तिथं कळलं की कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, ५००० ने भागतात, आणि येईल तो आकडा वजनापेक्षा मोठा असेल तर त्याचे पैसे घेतात. मेहुण्यानं चाकांना इजा नको म्हणून प्रेमानं टीव्हीची खोकी जमवली होती, ७५ बाय ७५ बाय ३०. भागाकार केला तर खोकं जवळजवळ चौतीस किलोचं निघालं. आतलं चाक सात किलोचं. मधल्या सत्तावीस किलो दिल्लीच्या हवेचं भाडं मी भरायचं होतं. दिल्लीची हवा जड असते हे ऐकून होतो, पण एवढी असेल असं वाटलं नव्हतं. चार खोक्यांचे आठ हजार सातशे पंच्याहत्तर.

दुसरा मान रेल्वेचा. गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनहून निघते आणि पुण्यावरून सातारा स्टेशन मागं टाकत मिरजेला जाते. पार्सल उतरवायचं तर मिरजेलाच सोयीचं, असं मला सांगण्यात आलं. मिरज जंक्शनचा थाट मोठा आहे, वाद नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूर तहानलं तेव्हा पहिली पाण्याची गाडी याच मिरजेतून निघाली होती, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. जिथून पाणी जातं तिथं माझी चाकं येणं भूषणावहच. पण माझ्या गावावरून शिट्टी मारत पुढं गेलेला माल मी मिरजेहून परत आणायचा, हे काही केल्या वहीत बसेना.

तिसरा मान ट्रकचा, आणि इथं माझ्यातला बँकर जागा झाला. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद आणि बेदाणा देशभर जातो, उत्तरेतही जातो. माल उतरवून ट्रक मोकळा परत आणणं कुणालाच परवडत नाही. म्हणून परतीचं भाडं पडतं, आणि हाताशी येईल तो माल घेऊन गाडी निघते. पन्नास हजारांच्या आतला माल, त्यामुळं ई-वे बिलाची भानगड नाही. खोकी रद्द करायची, दोन-दोन चाकं तोंडाला तोंड लावून मध्ये पुठ्ठा घालायचा, वरून बारदान, सुतळी. चार चाकांचे अकराशे रुपये, गोडाऊन डिलिव्हरी. सात हजार सहाशे पंच्याहत्तर वाचले! मी हा आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला आणि बायकोला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. “आणि गोडाऊन कुठं?” तिनं विचारलं.

गोडाऊन सांगलीत.

इथं मला स्टेपनीबद्दल थोडं बोलायचंच आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी खालचे काही परिच्छेद सोडून सरळ सांगलीत भेटावं.

स्टेपनी हा शब्द आपला नाही आणि आता इंग्रजांचाही उरलेला नाही. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथं स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता. त्या काळच्या मोटारींना जादा चाकच नसे. पंक्चर झालं की साहेबानं कोट काढून रस्त्यात बसायचं. १९०४ मध्ये टॉमस मॉरिस डेव्हिस नावाच्या गृहस्थानं तिथं एक तोड काढली. आरे नसलेलं, हवा भरलेलं एक नुसतं कडं, बसलेल्या चाकाला बाहेरून आवळून लावायचं आणि चालू पडायचं. रस्त्याचं नाव चाकाला मिळालं. हे चाक साहेबाच्या गाडीबरोबर आपल्याकडं आलं. पुढं साहेब गेला, त्याच्या देशात लोक तो शब्द विसरले, आणि आपण मात्र कोरेगावापासून कवठे महांकाळपर्यंत पंक्चरच्या प्रत्येक दुकानात तो रोज उच्चारतो. लानेलीच्या त्या रस्त्यावर आज कुणाला सांगितलं की तुमच्या गल्लीचं नाव आमच्या रहिमतपुरातल्या पोराला पाठ आहे, तर त्याचा विश्वास बसणार नाही.

शब्द इथंच थांबला असता तरी चाललं असतं. पण मराठी माणसानं तो माणसांना लावला. रमीला चौथा हात कमी पडला की स्टेपनी. वऱ्हाडात मोकळी सीट भरायला घेतलेला दूरचा काका स्टेपनी. हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की गेली बारा वर्षं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या व्याख्यानमालांचा मी स्टेपनी आहे. विषय कुठलाही असो, दुपारी तीनला फोन येतो. आणि स्टेपनीला कुणी मॅगव्हील लावत नाही. डिकीत, सतरंजीखाली, लोखंडी डिस्कच असते. तीही बहुधा हवा नसलेली.

अण्णा दर रविवारी स्टेपनीतली हवा बघायचे. चार चाकं नंतर.

असो. बिल्टी झाली, गाडी निघाली. मोबाईलवर रोज एकच निरोप यायचा, ‘आपला माल मार्गस्थ आहे’. सहाव्या रात्री दोन वाजता ट्रान्सपोर्टच्या माणसाचा फोन आला, “साहेब, गाडी सातारा पास झाली.” मी म्हणालो, “अहो, मग थांबवा, हायवेला येतो!” तो म्हणाला, “ताडपत्री सांगलीतच सुटणार.” मी अंधारात अंथरुणावर बसून राहिलो. माझी चाकं माझ्या उशापासून तीनेक किलोमीटरवरून कराडच्या दिशेनं निघून गेली होती.

तेव्हा मला डबा आठवला. १९८६ साली आई मिरजेला दवाखान्यात होती आणि मी तिच्यापाशी. अण्णांना रजा नव्हती. ते पहाटे तीनला उठून पिठलं-भाकरी करायचे आणि डबा सांगली-मिरजेकडं जाणाऱ्या पहिल्या गाडीत द्यायचे. कुणाला? जो ड्रायव्हर असेल त्याला. ‘मिरजेला पोरगं उभं असेल.’ एवढाच पत्ता. जुन्या एसटीत ड्रायव्हरशेजारी इंजिनाचं बॉनेट असायचं. त्यावर फडकं टाकून डबा ठेवायचे, की सव्वाशेहून जास्त किलोमीटरनंतरही पिठलं ऊन. भाडं काही नाही. रिकामा डबा परतीच्या गाडीनं जायचा. एकदा ड्रायव्हर मला म्हणाला, “झाकण घट्ट लावायला सांग बाबांना, आज डबा वाजत आला सगळ्या घाटानं.” मिरजेच्या वाटेत घाट कुठला, पण त्या माणसाचं बोलणं तसं होतं. एकोणीस दिवस डबा एकदाही चुकला नाही, एकदाही थंड आला नाही. विसाव्या दिवशी डब्याऐवजी अण्णा आले.

यावर जास्त लिहीत नाही.

सांगलीला मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेला गोडाऊनच्या कारकुनानं मूळ बिल्टी मागितली. मी मोबाईलवरचा फोटो पुढं केला. तो म्हणाला, “फोटोवर पसंती करायला हे वधू-वर केंद्र हाय व्हय?” मूळ बिल्टी करोल बागेत भट्टीशेजारी होती. ती यायला पाच दिवस, तोवर गोडाऊनभाडं वेगळं. तासवड्याचा टोल चार वेळा, पेठनाक्यापासून सांगलीपर्यंत मणक्यांचा हिशेब वेगळा, पेट्रोल तर विचारूच नका. वाचलेले सात हजार सहाशे पंच्याहत्तर मला वहीतून हळूहळू हात हलवत निरोप देत होते.

दुसऱ्या खेपेला हमालानं दोन गाठोडी आणून आपटली. बारदान फाटलेलं, आणि आतली चाकं पिवळीजर्द. पाच दिवस हळदीच्या पोत्यांशेजारी पडून होती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ती मानांकित हळद माझ्या चाकांना फुकट लागली होती. मला शुभशकुन वाटला. म्हटलं, इथंच बसवून घेऊ आणि मिरवत साताऱ्याला जाऊ. येताना आळीतल्या चौकात जरा हळू.

शेजारच्या टायरवाल्याचा पोरगा वीसेक वर्षांचा. त्यानं जॅक लावला, डिस्क काढली, मॅगव्हील चढवलं. पहिला बोल्ट गेला. दुसरा मनधरणी करून गेला. तिसरा भोकाच्या तोंडाशी येऊन आडवा झाला. पोरानं चाक उतरवलं, पँटला हात पुसले आणि खिशातून व्हर्निअर काढला. हबवर लावला, चाकावर लावला.

“सर, ह्ये शंभर हाय. तुमची गाडी अठ्ठ्याण्णव.”

“दोनच मिलिमीटर ना?”

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी मी छत्तीस वर्षं ‘दोनच हप्ते थकलेत ना?’ म्हणणाऱ्या कर्जदारांकडं बघत आलो. मग म्हणाला, “डुलणारे बोल्ट मिळत्यात, त्यानं बसतंय बी. पण मी बसवणार न्हाय. घरी म्हातारं माणूस असंल ना तुमच्या?”

हळद लागून लग्न मोडलं. छत्तीसपैकी दोनच गुण कमी पडले.

चारही चाकं मागच्या सीटवर घालून मी परत निघालो, त्याच गंजलेल्या डिस्कवर. साताऱ्यात पोचलो तेव्हा अण्णा ओसरीवरच होते. त्यांनी गाडीच्या चाकांकडं पाहिलं, मागच्या सीटकडं पाहिलं.

“अठ्ठ्याण्णव,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तू कुठं विचारलंस? तू पट्टीनं घेतलंस म्हणालास.” मग जरा थांबून, “भडंग आणलंस का?”

भडंग विसरलो होतो.

तर वाचकहो, ज्यांच्या गाडीला चार बोल्ट आहेत आणि अंतर बरोबर १०० मिलिमीटर आहे, पट्टीनं नव्हे, व्हर्निअरनं मोजलेलं, त्यांच्यासाठी चौदा इंची चार मॅगव्हील माझ्या ओसरीवर आहेत. किंमत बसून ठरवू. माल साताऱ्यात येऊन स्वतः न्यावा लागेल, पाठवला जाणार नाही. येताना सांगलीवरून येत असाल तर अण्णांसाठी अर्धा किलो भडंग आणा. हळद अजून धुतलेली नाही.