पाच साक्षीदार, एक तारीख

वकिलाला कायदा आठवला नाही तरी चालतं. कपाटात पुस्तक असतं. तारीख आठवली नाही तर मात्र धडगत नाही. कायदा चुकला तर न्यायाधीश समज देतात, तारीख चुकली तर पक्षकार देतो. आणि तीही बार रूमच्या पायरीवर, चारचौघांत.

माझं ऑफिस तालुक्याच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. दहा बाय बाराची खोली. तीत मी, दोन कपाटं, टेबलाखाली सरकवलेले निकाली फायलींचे गठ्ठे आणि आमचे कारकून. त्यांना अख्खं कोर्ट ‘मामा’ म्हणतं. पंचवीस वर्षं आमचा कारभार एका डायरीवर चालला. मागची तारीख, केस नंबर, पक्षकारांची नावं, काय काम आहे आणि पुढची तारीख, असे तिचे रकाने. कोर्ट सुटलं की मामा आजच्या पानावरचं प्रत्येक प्रकरण पुढच्या तारखेच्या पानावर उतरवणार. हे उतरवणं राहिलं की प्रकरण भूतलावरून अदृश्य होतं आणि काही महिन्यांनी ‘वादी व वकील गैरहजर, दावा काढून टाकला’ या रूपात दर्शन देतं.

असं दर्शन एकदा झालं. दावा पुन्हा उभा करायला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पक्षकाराची मनधरणी, असं तिहेरी काम पडलं. ते ऐकून पुण्यात आयटीत असलेली आमची कन्या म्हणाली, “बाबा, तुमच्याकडे सिस्टीमच नाही.” मी म्हटलं, “मामा आहेत की.” ती म्हणाली, “मामांचा बॅकअप कुठाय?” मामा तिथेच होते. त्यांनी आपल्याच पाठीमागे वळून पाहिलं.

मग सिस्टीम सुरू झाली. आधी रंग. फौजदारी लाल, दिवाणी हिरवी, कौटुंबिक पिवळी. पंधरवड्यात दुकानातल्या हिरव्या फायली संपल्या. मामांनी उरलेले जमिनीचे दावे पिवळ्या फायलींत घातले. “भावाभावांचीच भांडणं आहेत साहेब, कौटुंबिकच की!” यावर प्रतिवाद सुचला नाही.

मग तिने फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. ते अमेरिकन वळणाचं होतं. तिकडे म्हणे वकील सहा-सहा मिनिटांचा हिशेब ठेवतात आणि त्यावर बिल लावतात. मी प्रामाणिकपणे एक दिवस नोंद केली. पुकाऱ्याची वाट पाहणं, दोन तास दहा मिनिटं. प्रत्यक्ष युक्तिवाद, चाळीस सेकंद. तोही ‘मुदत मिळावी’ एवढाच. आमच्याकडे फी मिनिटांवर ठरत नाही, ती उसाच्या बिलावर ठरते. पक्षकार म्हणतो, “साहेब, ऊस गेला की बघू.” ॲपने पैसे कसे मिळाले ते विचारलं. रोख, चेक, कार्ड असे पर्याय होते. भुईमुगाच्या शेंगा, अर्धं पोतं, हा पर्याय नव्हता.

शिवाय तारखेची आठवण करून देणारा फोन नेमका कोर्टात बंद ठेवायचा असतो. कैफियत द्यायला तीस दिवस, फार तर नव्वद, हे दिवाणी प्रक्रिया संहितेने सांगून ठेवलंय. हे दिवस फोन मोजतो खरा, पण विलंब माफीच्या अर्जात ‘फोन सायलेंटवर होता’ असं लिहायचा धीर मला अजून झालेला नाही.

तरी हौस भागेना. भिंतीवर पांढरा फळा आला, संगणकावर एक्सेल आलं, प्रत्येक फायलीवर चिकटचिठ्ठी आली. डायरी होतीच. म्हणजे एक तारीख पाच ठिकाणी. मी निर्धास्त झालो. साक्षीदार वाढले की विसंगती वाढते, हे ज्ञान मी उलटतपासात दुसऱ्यांवर आयुष्यभर वापरलं. स्वतःच्या ऑफिसात मात्र ते सोयीस्कर विसरलो.

आमच्या पक्षकारांत एक मावशी आहेत. शेत पावणेदोन एकर, वादातला बांध दीड फूट, दावा बारा वर्षांचा. परवा त्यांची पुढची तारीख हवी होती, म्हणून पाचही साक्षीदार तपासले. डायरीत चौदा होतं किंवा एकोणीस. अक्षर माझंच, त्यामुळे खात्री देता येईना. फळ्यावर सतरा होतं, महिना नव्हता. एक्सेलमध्ये रकाना अरुंद पडल्याने तारखेच्या जागी नुसती जाळी उमटली होती. फोनने तारीख कालच होऊन गेल्याचं निर्विकारपणे सांगितलं. फायलीवरच्या चिठ्ठीवर मामांच्या सुवाच्य अक्षरात मजकूर होता, ‘पुढची तारीख डायरीत पाहणे.’ ही तर निव्वळ ऐकीव माहिती!

शेवटी ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं. तिथे प्रत्येक प्रकरणाला सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर असतो. तो टाकला की घरबसल्या तारीख समजते. चांगली सोय आहे. मी फक्त एका शून्याच्या जागी ओ घातला होता. नोंद सापडत नाही, असं उत्तर आलं. बारा वर्षं लढतोय तो दावा अस्तित्वातच नाही म्हटल्यावर मला घाम फुटला.

मामा म्हणाले, “मावशींना फोन लावू का?”

“पक्षकाराला तारीख विचारायची? अब्रू जाईल.”

म्हणून मीच फोन घेऊन वकिली आवाजात म्हणालो, “मावशी, पुढची तारीख ध्यानात आहे ना?”

“आहे की! सतरा, बुधवार. कालनिर्णयावर गोल केलाय, म्हशीच्या खाड्याशेजारी. तुमच्या ध्यानात आहे नव्हं, साहेब?”

एखादी गोष्ट शाबीत करायला अमुक इतकेच साक्षीदार हवेत असं नाही, असं १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १३४ मध्ये लिहिलं होतं. एकच असावा, पण विश्वासाचा. हे कलम मी कोर्टात कितीदा वाचलं असेल. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कालनिर्णय टांगलं. कन्येला कळवलं की नवी सिस्टीम घेतली. १९७३ पासून चालू आहे, दरवर्षी नवी आवृत्ती येते, चार्जिंग लागत नाही आणि मागच्या बाजूला वाचायलाही असतं. सतरा तारखेला मी स्वतः लाल पेनाने गोल केला.

आठवडाभरात मामांनी त्याच पानावर चहावाल्याचा हिशेब मांडायला घेतला. आता गोल केलेला सतरा हा मावशींच्या दाव्याचा की चहाच्या कपांचा, यावर आमच्यात सध्या युक्तिवाद चालू आहे. पुढची तारीख पडली आहे. कुठे लिहिली, ते मामांना विचारून सांगतो.